२००० तुकड्यांचं पॅनोरमिक जिगसॉ पझल घ्यायचंय. चित्र कसं निवडू आणि दोन खोल्यांच्या घरात जुळवू कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ५०० आणि १००० तुकड्यांची पझल्स करून झाली आहेत, आता लांबट, पॅनोरमिक प्रकारातलं मोठं घ्यायचं आहे. जुळे सोलापुरात दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, सहावीतली मुलगी मदतीला आहे, आणि एवढे पैसे घालून अर्ध्यात सोडावं लागेल असं काही नको. मीही सोलापूरचीच. आमच्याकडे एक पॅनोरमा भिंतीवर आहे आणि दुसरा सध्या दिवाणाखाली अर्धवट पसरलेला आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

माझं म्हणणं एकच आहे. तुकड्यांचा आकडा नंतर बघा, आधी चित्रातल्या उभ्या गोष्टी बघा. पॅनोरमात आडव्या रेघा भरपूर असतात. आकाश, डोंगराची कड, पाण्याचा काठ, रस्ता, सगळं डावीकडून उजवीकडे जातं. म्हणून हातातला तुकडा वरचा की खालचा हे पटकन कळतं. डावीकडचा की उजवीकडचा, हे कळत नाही. सव्वाचार फूट लांब निळी पट्टी आणि हातात एक निळा तुकडा, तो ठेवायचा कुठे? चित्रात ठरावीक अंतराने एखादा मनोरा, झाड, शिडाची होडी किंवा इमारतीचा कोपरा असेल, तर लांबीचे आपोआप भाग पडतात आणि मोठं पझल पाच-सहा छोट्या पझलांसारखं हाताळता येतं.

हे तपासायची माझी पद्धत अगदी सोपी आहे. खोक्यावरचं चित्र कागदाच्या दोन तुकड्यांनी झाका आणि मध्ये दोन बोटं मावतील एवढी उभी फट ठेवा. ही फट डावीकडून उजवीकडे हळूहळू सरकवत न्या. प्रत्येक ठिकाणी थांबून स्वतःला विचारा, एवढंच दिसलं असतं तर हा चित्राचा कुठला भाग ते मला सांगता आलं असतं का? दोन ठिकाणी अडलात तर चालेल. अर्ध्याहून जास्त ठिकाणी अडलात तर ते चित्र सोडा, कितीही आवडलेलं असो. ऑनलाइन घेत असाल तर फोनच्या स्क्रीनवरही हे जमतं.

सूर्यास्ताच्या वेळचं आफ्रिकेतलं कुरण, एक झाड आणि दोन जिराफ, हे पॅनोरमात सर्रास मिळतं. भिंतीवर फार सुंदर दिसतं, पण पहिल्या मोठ्या पझलसाठी मी ते कुणालाच सुचवणार नाही. रात्रीचं मॅनहॅटन बरं. खिडक्या सारख्या असल्या तरी इमारतीगणिक उजेडाचा रंग बदलतो. मुलगी सहावीत आहे म्हणून मला सगळ्यात योग्य वाटतो तो जुन्या धाटणीचा जगाचा नकाशा. त्यात अक्षरं असतात, आणि अक्षराचा अर्धा तुकडासुद्धा वरची बाजू कुठली ते सांगतो. जिगसॉची सुरुवात नकाशांनीच झाली, असं मानलं जातं. लंडनचे नकाशाकार जॉन स्पिल्सबरी १७६० च्या दशकात लाकडाच्या फळीवर नकाशे चिकटवून ते देशांच्या सीमांवरून कापत आणि मुलांना भूगोल शिकवण्यासाठी विकत.

आपल्याच गावाचा फोटो देऊन पझल बनवून घ्यायचा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो, तुमच्याही येईल. सिद्धेश्वर तलावाचं उदाहरण घ्या. काठावर उभं राहून फोन फिरवत पॅनोरमा काढला तर मध्ये मंदिर येतं, बाजूला भुईकोट किल्ल्याची तटबंदी येते, आणि उरलेलं जवळपास सगळं पाणी आणि आकाश. फटीच्या परीक्षेत हा फोटो नापास होतो. तोच फोटो संक्रांतीच्या यात्रेतला असेल तर गोष्ट वेगळी. सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, मिरवणुकीत एकामागून एक निघतात, प्रत्येकाची सजावट रस्त्याच्या वर उंच दिसते, आणि लांबीचे सुरेख भाग पडतात. अडचण खाली येते, कारण पांढऱ्या बाराबंदीतल्या माणसांची गर्दी म्हणजे शेकडो पांढरे तुकडे. तरी मी हा फोटो घेईन, कारण पांढऱ्यातही चेहरे, हात आणि सावल्या असतात. फोटोची रुंदी मात्र तपासा. २००० तुकड्यांच्या पॅनोरमाची लांबी साधारण १३२ सेंटिमीटर म्हणजे ५२ इंच, आणि इंचाला १५० पिक्सेल धरले तरी रुंदीत ७,८०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो इथे उपयोगाचा नाही, मूळ फाइलच मागून घ्या.

आता मापं. रावेन्सबर्गर कंपनीचं २००० तुकड्यांचं पॅनोरमा साधारण १३२ बाय ६१ सेंटिमीटर भरतं. १००० तुकड्यांचं ९८ बाय ३८. क्लेमेंटोनीचं थोडं अरुंद, ९८ बाय ३३. तुम्ही केलेलं नेहमीचं १००० तुकड्यांचं ७० बाय ५० असेल. म्हणजे १००० मध्ये जागा जवळपास तेवढीच लागते, फक्त ती एका दिशेने ताणलेली असते. मुलीचं अभ्यासाचं टेबल चार फुटांचं असेल तर त्यावर १००० चं पॅनोरमा मावेल, २००० चं मावणार नाही. तुमचं मन २००० वर बसलं असेल तर तेच घ्या, पण जागेचा विचार फरशीच्या किंवा दिवाणाच्या हिशोबाने करा. आणखी मोठ्याकडे इतक्यात वळू नका. कोडॅकचं ५१,३०० तुकड्यांचं पझल आहे, पण ते २७ पिशव्यांत येतं, प्रत्येकीत १,९०० तुकडे. एका वेळी एक पिशवी उघडली की झालं. तुमचे २००० एकाच पिशवीत मिसळलेले असतील, हे लक्षात असू द्या.

कंपनी निवडताना पुठ्ठा आणि काप बघा. स्वस्त पझलचा पुठ्ठा पातळ असतो आणि तुकडे सैल बसतात. लांब पॅनोरमात हा सैलपणा साठत जातो आणि चार फुटांवर पट्टी धनुष्यासारखी वाकते. तुकडे उभ्या-आडव्या ओळींत कापलेले असतील तर बरेचसे एकमेकांच्या जागी बसल्यासारखे वाटतात; वेडेवाकडे कापलेले असतील तर प्रत्येकाचा आकार वेगळा, आणि मोकळ्या आकाशात त्याची फार मदत होते. आधी केलेल्यांपैकी ज्या पझलची जुळलेली ओळ उचलल्यावर सुटली नाही, त्याच कंपनीचं घ्या.

जागेसाठी फ्लेक्स-बॅनरवाल्याकडून पाच मिलिमीटरचा सनबोर्ड (फोमचा हलका बोर्ड) पाच फूट बाय अडीच फूट कापून आणा, तोही दोन नग. एकावर पझल, दुसरा झाकायला. प्लायवूड जास्त ताठ असतं, पण जड पडतं. सनबोर्ड उचलला की मध्ये वाकतो, म्हणून तो उचलायचाच नाही. खाली जुनी सोलापुरी चादर घाला आणि चादरीचं टोक धरून ओढा. गुळगुळीत फरशीवरून बोर्ड अलगद दिवाणाखाली जातो आणि तसाच बाहेर येतो. मुलं, झाडू, पाहुणे, सगळ्यांपासून सुरक्षित. पझल मात्र थेट चादरीवर जुळवू नका. तिचं नक्षीकाम उठावाचं असतं, तुकडे सपाट बसत नाहीत.

पिशवी उघडल्यावर तुकडे मोठ्या भोकांच्या चाळणीत थोडे थोडे घेऊन हलवा. पुठ्ठ्याचा भुसा खाली पडतो. तो तसाच राहिला तर सांध्यात अडकतो आणि बरोबर तुकडाही चुकीचा वाटतो. वाटणी करायला साड्यांच्या खोक्यांची झाकणं उत्तम, कारण ती उथळ आणि रुंद असतात आणि एकावर एक रचता येतात. वाट्या घेऊ नका, वाटीत तळाचे तुकडे दिसत नाहीत. वाटणी रंगांच्या नावांवर न करता चित्रातल्या वस्तूंवर करा: छपरं, झाडी, होड्या, पाणी, आकाश. मुलीला हे काम द्या. मुलांची नजर यात मोठ्यांपेक्षा तेज असते, निदान आमच्या घरी तरी आहे.

कडा आधी, ही सवय पॅनोरमात थोडी बदलावी लागते. डावी-उजवी आखूड बाजू आणि खालची कड आधी करा. वरची, आकाशाची लांब कड शेवटपर्यंत ठेवा. नुसती कड जुळवताना काठाच्या तुकड्याला शेजारी दोनच, त्यामुळे निळ्यात निळा चुकीचा बसला तरी कळत नाही. ओळीत कापलेल्या पझलमध्ये एक पडताळणी आहे: वरच्या आणि खालच्या कडेतल्या तुकड्यांची संख्या सारखीच हवी. एखादा कमी-जास्त निघाला तर वर कुठेतरी खोटा सांधा आहे.

कडांनंतर क्षितिज. जिथे आकाश संपतं आणि जमीन किंवा शहर सुरू होतं ती पूर्ण रेघ आधी जुळवा. ती झाली की पझल अर्धं सुटलं, कारण उंची जेमतेम दोन फूट आहे आणि कुठलाही तुकडा या रेघेपासून हातभरापेक्षा फारसा लांब नाही. मधले तुकड्यांचे पुंजके वेगळ्या झाकणात जुळवा आणि जाड लग्नपत्रिका खालून सरकवून जागेवर न्या. पत्रिकेसारखं साधन मला दुसरं सापडलेलं नाही. ताठ, गुळगुळीत, आणि प्रत्येक घरात ढीगभर.

आकाशाचं मी माझ्या सासऱ्यांकडून शिकले. ते चादरीच्या कारखान्यात जॅकार्डसाठी (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेसाठी) ग्राफ काढायचे, म्हणजे फूलपाखरू असो की मोर, चौकटीच्या कागदावर घर मोजून रंगवायचा. आम्ही सगळे निळे तुकडे आलटून पालटून लावून बघत बसलो होतो. ते खाली बसले, कान (तुकड्याचा बाहेर आलेला भाग) वर आणि खाच बाजूला असे सगळे तुकडे एकाच दिशेने फिरवले, आणि सनबोर्डाच्या मोकळ्या भागावर फिक्याकडून गडदाकडे ओळीत मांडले. मग मलाही दिसायला लागलं. आकाश क्षितिजाजवळ फिकं आणि वर गडद असतं, हे तर आहेच. शिवाय पॅनोरमा इतका रुंद कोन टिपतो की सूर्याच्या बाजूचं आकाश पांढुरकं आणि दुसऱ्या टोकाचं गर्द निळं दिसतं. म्हणजे निळ्या तुकड्यालाही डावं-उजवं असतं, फक्त शेजारी दुसरा ठेवल्याशिवाय ते डोळ्यांना कळत नाही.

छटा लावून झाल्या की आकार बघा. चार बाजूंना कान किती आणि खाचा किती, यावरून सहाच प्रकार होतात: चारही कान, तीन कान, दोन कान समोरासमोर, दोन कान शेजारी शेजारी, एक कान, आणि चारही खाचा. रिकाम्या जागेला कुठला प्रकार लागेल ते आधी ठरवा आणि त्याच ढिगातले तुकडे क्रमाने लावा. काम सावकाश होतं, पण अडत नाही.

उजेडाकडे लक्ष द्या. एप्रिल-मे मध्ये आपण दुपारी खिडक्या बंद करून पडदे ओढतो, आणि सुट्टीमुळे पझलला वेळ तेव्हाच मिळतो. पिवळ्या दिव्यात निळा आणि हिरवट निळा एकच दिसतात. पांढरा एलईडी लावा, आणि तो डोक्यावर नको, बाजूला ठेवा. तुकड्यांची चकाकी कमी होते आणि खोट्या सांध्यातली फट सावलीने उठून दिसते.

पूर्ण झाल्यावर टांगायचं असेल तर वरून फेविकॉल फासू नका, ब्रशच्या रेघा राहतात आणि पुठ्ठा ओढला जातो. दुसरा सनबोर्ड वर ठेवा, दोन्ही कडांना क्लिपा लावा, दोघांनी धरून उलटं करा, आणि मागच्या बाजूने पाणी घालून पातळ केलेला फेविकॉल कापडाने हलक्या हाताने सांध्यांवर लावा. वाळताना वर सपाट वजन हवं, मध्ये प्लास्टिकचा कागद घालून. फ्रेमवाल्याला काचेऐवजी ॲक्रिलिक लावायला सांगा. या मापाची चार मिलिमीटरची काच एकटीच आठ किलोच्या आसपास भरते, तीन मिलिमीटरचं ॲक्रिलिक तीन किलोच्या आत. हुक दोन, दोन्ही टोकांपासून फूटभर आत. ऊन थेट येतं ती भिंत सोडा. सोलापूरच्या उन्हात छपाईचा रंग उडतो, सगळ्यात आधी लाल.

दोन-तीन चित्रं मनात भरली असतील तर त्यांची नावं आणि मापं इथेच खाली लिहा. आकाश किती आहे आणि मुलीला झेपेल का, ते बघून सांगते.