जुन्या ली-एनफिल्ड रायफलचा लाकडी दस्ता काळपट व चिकट झाला आहे. तो साफ कसा करावा?

रायफल रिकामी असल्याची खात्री जाणकाराकडून करून घेतल्यावर पहिली विनंती अशी, की सँडपेपरला हातही लावू नये. 1907 च्या नमुन्याच्या या रायफलींचे दस्ते बहुधा अक्रोडाच्या लाकडाचे असतात, आणि त्यांच्या उजव्या अंगावर ठोकलेला कारखान्याचा गोल शिक्का एकदा घासला गेला की तो परत आणता येत नाही.

काळेपणा म्हणजे बहुतांशी जुने तेल, धूळ आणि हातांचा घाम यांचा थर असतो. मऊ सुती फडके टर्पेंटाइनमध्ये किंचित भिजवून लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलकेच पुसावे. फडके गडद तपकिरी होत जाईल, तसे ते बदलत राहावे. पाणी ओतून धुणे मात्र टाळावे, कारण त्याने लाकूड फुगते आणि लोखंडी भागांना गंज चढतो.

लाकूड पूर्ण वाळल्यावर ब्रिटिश सैन्यात वापरत असत तेच कच्चे जवसाचे तेल घ्यावे. चार-पाच थेंब तळहातावर घेऊन लाकूड कोमट लागेपर्यंत चोळावे, उरलेले तेल पुसून टाकावे आणि काही दिवसांनी पुन्हा तसेच करावे. हे तेल सावकाश वाळते, म्हणून घाई करू नये; चकाकणारे व्हार्निश तर मुळीच लावू नये. तेलाची फडकी बोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात, त्यामुळे ती मोकळ्या हवेत पसरून वाळवावीत.