कोंसुआद : फराळाचा पोर्तुगीज भाऊबंद

प्रश्न असा आलाय : गोव्यातले ख्रिस्ती शेजारी नाताळात मिठाईचं ताट पाठवतात, त्याला ‘कोंसुआद’ म्हणतात. मराठीत ‘नाताळचा फराळ’ म्हटलं तर चालेल का?

दर डिसेंबरात हा ‘नाताळचा फराळ’ कानावर आला की माझं डोकं उठतं. अहो, शब्द तयार आहे ना! दोदोल, बेबिंक ही गोव्यातल्या मिठायांची नावं बिनतक्रार घेता, मग ताटाच्या नावालाच का अडता? ‘नाताळ’ तरी कुठला? तोही पोर्तुगीजच.

खरी गंमत पुढे आहे. कोंसुआद म्हणजे पोर्तुगीज ‘कोन्सोआदा’. तो आला ‘कोन्सोआर’पासून आणि तो लॅटिन ‘कोन्सोलारी’पासून, म्हणजे सांत्वन करणे. दोन स्वरांमधला ‘ल’ पोर्तुगीज गिळून टाकते : उडणे या अर्थाच्या ‘वोलारे’चं ‘वोआर’ झालं, तसंच हे. काही जाणकार वाजणे या अर्थाच्या ‘सोनारे’कडे बोट दाखवतात आणि मध्यरात्रीच्या मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीच्या, घंटा बडवतात. ‘न’ही तसाच गळतो, कबूल. पण अर्थाचं काय? कोन्सोआदा म्हणजे मुळात कुठल्याही उपासाच्या दिवशी रात्री घ्यायचं हलकं खाणं. त्यात घंटा आल्या कुठून? ते दिवसभर उपाशी राहिलेल्या पोटाचं सांत्वन! २४ डिसेंबर हा कॅथलिकांचा उपासाचाच दिवस होता. १९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांनी राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे एवढेच दोन सक्तीचे ठेवले. पोर्तुगालात आजही २४ डिसेंबरच्या रात्री घरोघरी खारवलेला कॉड मासा, बटाटे आणि कोबी उकडतात.

आणि आपला फराळ? फलाहार! तोही उपासाचाच. एकादशीचं खाणं चकली-कडबोळ्यांपर्यंत पोचलं, तसं कोन्सोआदाचं बेबिंकेपर्यंत.

आई गेली त्या वर्षी आमच्याकडे कढई चढली नाही. दिवाळीचे डबे नातेवाइकांकडून आले आणि डिसेंबरात शेजारच्या आंटी क्रोशाच्या रुमालाखाली ताट घेऊन आल्या. वर नेवऱ्या, खाली कुलकुल. ‘कोन्सोलारी’ मला कोशात सापडलं ते पुष्कळ नंतर.

तेव्हा कोंसुआदच म्हणा. मंगळूरच्या ख्रिस्ती घरांतला नाताळच्या मिठाईचा ‘कुस्वार’ही माझ्या मते हाच शब्द. ‘द’चा ‘र’ कसा झाला म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी बोटं मोडून बघावं : एकादशचे अकरा, द्वादशचे बारा, त्रयोदशचे तेरा.