आवाहन, आव्हान आणि मतदाराच्या मनाला घातलेली साद

एका वाचकाचा प्रश्न असा: ‘‘‘उमेदवाराने मतदारांना भावनिक आव्हान केले’ असे वाक्य वाचनात आले. इथे आव्हान हवे की आवाहन? आणि भावनिक आवाहन म्हणजे शेवटी मतदाराला भुलवणेच ना? मग सरळ तसे का म्हणत नाहीत?’’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. तिथे ‘आवाहन’च हवे. मतदारांना आव्हान देणारा उमेदवार अजून माझ्या पाहण्यात नाही. ते प्रतिस्पर्ध्याला द्यायचे असते. शिवाय क्रियापदही पाहा: आवाहन करतात, आव्हान देतात. ‘आव्हान केले’ असे दिसले की समजावे, लिहिणाऱ्याच्या मनात आवाहन होते आणि बोटांतून आव्हान उतरले. भराभर बोलताना ‘वा’ आखूड होतो आणि दोन्ही शब्द कानाला जवळपास सारखेच लागतात. त्यात हिंदीची भर. तिथे ‘आह्वान’ म्हणजे आपले आवाहन, त्यामुळे हिंदी मजकुराचा घाईत अनुवाद करणारा हमखास घसरतो.

दोन्ही शब्द संस्कृतातलेच, पण कूळ वेगळे. आव्हान हे मूळचे ‘आह्वान’. ‘ह्वे’ म्हणजे हाक मारणे. जिह्वाची जिव्हा आणि विह्वलचे विव्हळ झाले, तशीच इथेही ह आणि व यांनी जागा बदलली. हाकेतून ललकारी कशी निघाली, याचे धागे थेट पाणिनीपर्यंत जातात. या धातूला ‘आ’ लागला आणि अर्थ चढाओढीचा असला, तर आत्मनेपद (संस्कृत क्रियापदाचे ‘-ते’ने संपणारे रूप) वापरावे, असे त्याचे सूत्र आहे. परंपरेने दिलेली उदाहरणे मला फार आवडतात. ‘मल्लो मल्लमाह्वयते’, म्हणजे मल्ल मल्लाला ललकारतो. आणि चढाओढ नसेल तर ‘गामाह्वयति गोपालः’, म्हणजे गुराखी गाईला हाक मारतो. प्रचारसभेत दोन्ही हाका एकाच भाषणात ऐकू येतात. कुठली हाक कुणासाठी, हे सांगायला नकोच.

आवाहनात मात्र ‘वह्’ धातू आहे, वाहनातला. आवाहन म्हणजे इकडे घेऊन येणे. पूजेच्या सोळा उपचारांतला पहिला तो हाच. आपण देवता निर्माण करत नाही. ती आहेच असे धरून तिला समोरच्या मूर्तीत येण्याची विनंती करतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला या अर्थात दिसते.

‘भुलवणे’ म्हटले की चित्र असे उभे राहते: मतदाराचे मत अमुक होते, प्रचाराने ते तमुक केले. हे होतही असेल, पण वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी. अमेरिकेत 1940 च्या अध्यक्षीय निवडणुकीत समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातल्या ईरी परगण्यात सुमारे 600 मतदारांच्या महिन्या-महिन्याने पुन्हा पुन्हा मुलाखती घेतल्या. प्रचाराने माणसे कशी पालटतात ते टिपायचे होते. प्रत्यक्षात एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेलेले फार थोडे निघाले. बहुतेकांचा कल आधीपासूनच होता. प्रचाराने तो पक्का केला, किंवा सुप्त होता तो जागा केला. म्हणजे आवाहनच केले, अगदी धात्वर्थाने.

जागे काय केले जाते, हे मात्र महत्त्वाचे. 1964 साली अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीत तेव्हाचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या बाजूने एक जाहिरात दूरचित्रवाणीवर आली. एक लहान मुलगी फुलाच्या पाकळ्या तोडत अडखळत आकडे मोजते. मग पुरुषी आवाजात उलटी मोजणी सुरू होते आणि अणुस्फोट दिसतो. विरोधक बॅरी गोल्डवॉटर यांचे नावसुद्धा त्यात नव्हते. गरजच नव्हती. अण्वस्त्रांविषयीची त्यांची बेधडक वक्तव्ये लोकांच्या कानांवर होती, अणुयुद्धाची धास्ती घराघरात होती. गाळलेले नाव पाहणाऱ्याने स्वतःच भरले. पैसे मोजून ही जाहिरात एकदाच दाखवली गेली, पुढे बातम्यांनी ती फुकट दाखवली. तिच्या घडणीत वाटा असलेले ध्वनितज्ज्ञ टोनी श्वार्ट्झ यांचे म्हणणेच असे होते की श्रोत्याच्या डोक्यात काही घालत बसू नये, तिथे साठलेले आहे त्याला झंकार द्यावा. (जॉन्सन तेव्हा पुढेच होते. त्यामुळे जाहिरातीने निवडणूक जिंकून दिली, ही दंतकथा समजावी.)

या उदाहरणात व्याकरणाचाही एक मुद्दा दडलेला आहे. ‘भावनिक आवाहन’ आणि ‘भावनांना आवाहन’ हे आपण एकच धरून चालतो. मला ते वेगळे वाटतात. पहिल्यात आवाहनच भावनेने भरलेले आहे: कंठ दाटून आलेला, डोळ्यांत पाणी. दुसऱ्यात रोख भावनांवर आहे, आवाज कोरडाठाक असला तरी चालतो. त्या जाहिरातीत मुख्यतः आकडेच तर होते. तुमचे वाक्य कंठ दाटलेल्या उमेदवाराविषयी असेल तर ‘भावनिक’ ठेवा, नाहीतर ‘भावनांना आवाहन केले’ लिहा. मतदाराला गाठले की त्याला वळसा घालून त्याच्या भावनेला गाठले, एवढा फरक ‘भावनांना’मधली चतुर्थी दाखवते.

पण खरे सांगू का, दोन्ही शब्दप्रयोग जरा पुस्तकीच. मराठीकडे यापेक्षा नेमके शब्द पडून आहेत. जुना अभिमान जागवायचा तर ‘साद घालणे’. हा साद म्हणजे संस्कृत ‘शब्द’चाच प्राकृतातून आलेला वंशज, आणि त्याची जोडी प्रतिसादाशी, पलीकडे ऐकणारे कुणी आहे, हे त्यात गृहीतच. नसलेला धोका उभा करायचा तर ‘बागुलबुवा दाखवणे’. असलेल्या धोक्याची भीती वाढवायची तर ‘भीती घालणे’. अपमानाची आठवण काढायची तर ‘दुखऱ्या नसेवर बोट ठेवणे’. आणि माझा सगळ्यांत आवडता, ‘फुंकर घालणे’. जखमेवर घातली तर गारवा, निखाऱ्यावर घातली तर ज्वाळा, फुंकर तीच.

ही नेमकी क्रियापदे वापरण्याला कारणही आहे, कारण प्रत्येक भावनेचा परिणाम निराळा होतो. टेड ब्रेडर या अभ्यासकाने 1998 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये, गव्हर्नरपदाची उमेदवारी ठरण्याच्या सुमारास, काही प्रयोग केले. जाहिरातीतला मजकूर फारसा न बदलता त्याने मागचे संगीत आणि दृश्ये बदलली. उत्साहाच्या संगीताने माणसे आपापल्या जुन्या पसंतीला अधिक घट्ट धरून राहिली. भीतीच्या संगीताने ती सावध झाली आणि जुनी निष्ठा जरा बाजूला ठेवून समोरच्या उमेदवारांना नव्याने तोलू लागली. म्हणजे साद घातल्याने कळप एकत्र राहतो, आणि भीती घातल्याने कुंपणावरचे हलतात. ‘भावनिक आवाहन’ या एकाच शब्दाखाली हे दोन्ही कोंबले, तर वाचकाला काहीच कळत नाही.

‘भुलवणे’ हा शब्द मी राखून ठेवतो तो ‘भूलथापां’साठी, म्हणजे जिथे सांगितलेली गोष्टच खोटी आहे तिथे. खरी भीती खऱ्या कारणाने बोलून दाखवली, तर तिला भुलवणे म्हणता येणार नाही, भले ती मते मिळवण्यासाठी का बोलली असेना. तुमच्या वाक्यातल्या उमेदवाराने नेमके काय केले होते ते कळवलेत, तर क्रियापद सुचवता येईल.