फाइल दिसतेय, तरी 'नॉट फाउंड'?

प्रश्न: ओपनडब्ल्यूआरटी या लिनक्स सिस्टिमवाल्या राउटरवर एसएसएचने (दुरून कमांड देण्याच्या सोयीने) शिरून स्क्रिप्ट टाकली, रन परमिशनही दिली, एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) केलं की फाइल समोर दिसतेय पण चालवली की 'नॉट फाउंड', असं का?

उत्तर: अहो, त्याला तुमची फाइल नाही, पहिल्या ओळीत लिहिलेला बॅश, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा शेल प्रोग्राम, सापडत नाहीये. तिथे मुळात बिझीबॉक्स या छोट्या उपकरणांसाठीच्या कमांडसंचातला छोटा अ‍ॅश शेल असतो, म्हणून त्या ओळीत बॅशच्या जागी एसएच (तिथे म्हणजे हाच अ‍ॅश) लिहा, फक्त अ‍ॅरे (एका नावाखाली अनेक मूल्यांची यादी) वापरले असतील तर ते अ‍ॅशला कळत नाहीत, तेवढा भाग बदलावा लागेल. आणि फाइल विंडोजवर लिहिलीय का? मग ओळीच्या शेवटी न दिसणारं कॅरेज रिटर्न हे चिन्ह चिकटतं आणि एरर तीच येते, यात भलेभले फसतात, एडिटरमधून युनिक्स लाइन एंडिंगने सेव्ह करा. हो, आणि टेम्प फोल्डरमध्ये ठेवू नका, ते रॅममध्ये असतं, रीबूट झालं की स्क्रिप्ट गायब.