भारत-पाक सीमेवर आपल्या मिहानसारखा, पण दोन्ही देशांचा संयुक्त एसईझेड (विशेष आर्थिक क्षेत्र) चालू शकेल का?

सध्याच्या राजकारणात नाही. सुरू झाला तरी पहिल्याच तणावात बंद पडेल. नागपूरच्या मिहानमध्ये जमीन, वीज, कस्टम्स सगळं एकाच देशाच्या हातात आहे, सीमेवर तसं नसतं. उत्तर कोरियातलं केसाँग बघा, दोन्ही कोरियांचा संयुक्त औद्योगिक झोन. उत्पादन 2004 मध्ये सुरू झालं: कारखाने आणि वीज दक्षिणेची, जमीन आणि सुमारे 54,000 कामगार उत्तरेचे. मजुरी डॉलरमध्ये उत्तरेच्या सरकारकडे जायची, त्यामुळे हा पैसा अण्वस्त्रांत जातो अशी ओरड दक्षिणेत कायम. 2013 मध्ये उत्तरेने कामगार काढून घेतले, झोन पाच महिने ठप्प. फेब्रुवारी 2016 मध्ये उत्तरेने रॉकेट सोडल्यावर दक्षिणेने तो बंद करून वीज तोडली. कारखानदारांची यंत्रं आणि बराचसा तयार माल तिथेच अडकला. असा धोका पत्करून पैसा कोण गुंतवणार? आपल्याकडे नियंत्रण रेषेवरून 2008 पासून 21 प्रकारच्या वस्तूंचा व्यापार चालायचा, बँक नाही, मालाच्या बदल्यात माल. एप्रिल 2019 मध्ये तोही थांबवला गेला. मात्र तिसऱ्या देशाची बाजारपेठ खुली असेल तर गणित बदलतं: इजिप्तच्या क्यूआयझेडमधला (अशा सवलतीसाठी ठरवलेल्या औद्योगिक क्षेत्रातला) माल, त्यात इस्रायली कच्च्या मालाचा ठरावीक हिस्सा असेल तर, अमेरिकेत नेहमीच्या आयातशुल्काशिवाय जातो.