संत्र्याची पहिली छाटणी: सुरुवातीला एवढंच पाहा

भाऊ, बाग जुनी आहे म्हणून घाबरू नको. पहिल्या वर्षी फक्त सल, म्हणजे वाळलेल्या काड्या-फांद्या, काढायला शिक, झाडाला आकार देण्याचं पुढं पाहू. आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या पिकाची) तोडणी आटोपली की लगेच लाग. नवी पालवी आणि फुलं यायच्या आत काम उरकलं पाहिजे.

वाळलेली काडी जिथं संपते नेमकं तिथंच कापू नको. त्याखालचा २ सेंटीमीटर हिरवा भागही घे, कारण रोग पुढं सरकलेला असतो. बहुतेक नवखे इथंच चुकतात आणि तीच फांदी पुन्हा वाळते.

- जाड फांदी खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून थोडी काप, मग वरून. नाहीतर मोडताना ती खोडाची साल सोलत नेते. उरलेला खुंट शेवटी काढ, पण बुडाशी असलेलं फुगीर कडं राहू दे. जखम तिथूनच भरते.
- कलमाच्या जोडाखालची जंभेरीची (ज्या रानलिंबावर संत्र्याचं कलम बांधलंय त्याची) फूट दिसली की काढ.
- कुऱ्हाड घरीच राहू दे. सिकेटर (छाटणीची कात्री) आणि आरी पुरे, पण धारदार.
- कापल्या जागी बोर्डो पेस्ट लाव: १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना, १० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र कर. बादली प्लास्टिकची, लोखंडी नको.

धुऱ्यावरच्या कडुनिंबाची फांदी विजेच्या तारेजवळ असेल तर तिला हात लावायचाच नाही. लाइनमनला बोलाव, कितीही दिवस थांबावं लागलं तरी.

काढलेली सल बागेत पडू देऊ नको, त्याच दिवशी बाहेर नेऊन जाळ.