पब्लिक हेल्थला (सार्वजनिक आरोग्याला) मला घेतील का?

बारावीचे आणि नीटचे निकाल लागले की कुडाळला माझ्याकडे करिअरच्या सल्ल्यासाठी येणाऱ्या मुलांच्या तोंडी हल्ली एकच काळजी असते. एमबीबीएसचं जमणार नाही, म्हणून पब्लिक हेल्थच्या पदवीला अर्ज केलाय. पण तिथेही जागा मोजक्या आणि वर मुलाखत. "मला घेतील का, मॅडम?" त्यांच्यापैकी एकीबद्दल लिहिते. तिला मानसी म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मानसी दोडामार्ग तालुक्यातली, आई आशा स्वयंसेविका, म्हणजे गावात घरोघरी आरोग्याचं काम करणारी. पहिल्या भेटीत आईच बोलत होती. "डॉक्टर नाय झाला तर चेडवाक विचारतलो कोण?" म्हणजे, मुलीला विचारणार कोण? मानसीनं अर्जासोबतचा निबंध पुढे केला. 'समाजसेवेची मला लहानपणापासून आवड आहे,' अशी सुरुवात. व्याकरण चोख होतं, पण त्यात मानसी कुठेच नव्हती. गुणांची भीती वाटते, म्हणून मुलं निबंधात मोठे शब्द भरतात, हे मी नेहमी पाहते.

सल्ला द्यायची मला घाई नसते. माणसाच्या जगण्यातच त्याच्या प्रश्नाचं टोक सापडतं, यावर माझा विश्वास आहे. पुढच्या भेटींत निबंध मी बाजूलाच ठेवला आणि माकडतापाबद्दल विचारलं. 1957 मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला हा आजार 2016 मध्ये दोडामार्गात आला. गोचीड चावून होतो, माकडं मरतात, आणि त्याचे दिवस नेमके काजूच्या हंगामावर येतात.

"तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. गोचीड चावू नये म्हणून अंगाला लावायचं तेल आई वाटायला जायची."

"लोक लावायचे?"

"नाही."

"का?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मीही मध्ये बोलले नाही. मग ती एकदम बोलायला लागली. "तेल चिकट, मॅडम. पहाटे काजू वेचायला निघालेला माणूस ते चोळत बसणार कधी? बाटली घरात फळीवरच राहायची. आणि मेलेलं माकड दिसलं तरी काही जण सांगायचे नाहीत. बागेत जायला बंदी आली तर हंगाम गेला ना!"

"तू काय केलं असतंस?"

"तेल घरी दिलंच नसतं. बागेच्या वाटेवर उभी राहून दिलं असतं."

आई तिच्याकडे बघतच राहिली. हा क्षण ओळखता येणं, हीच माझ्या कामातली खरी कमाई, असं मला वाटतं. औषध आहे, ते वाटणारी बाई आहे, तरी ते अंगाला का लागत नाही, हा पब्लिक हेल्थचा गाभ्यातला प्रश्न. आणि तो मानसीनं लहानपणीच पाहून ठेवला होता. निबंध तिनं तिथूनच नव्यानं लिहिला. मी एक शब्दही सुचवला नाही.

अर्ज करणाऱ्या मुलांना म्हणून मी सांगते, आधी आपल्या वाडीतला असा एक 'का' शोधा. पावसाळ्यात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) गोळी शेतकरी का टाळतो, उन्हाळ्यात विहिरीचं पाणी कोण तपासतं, प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा. मुलाखतीत 'डॉक्टर होता आलं नाही म्हणून' हे उत्तर घेऊन बसू नका. पब्लिक हेल्थमध्ये एका रुग्णाऐवजी अख्ख्या गावाकडे पाहायचं असतं, त्यामुळे आकडेमोड लागतेच. गणित सोडून पळून इकडे येऊ नका.

पालकांनो, पदवीपातळीवर हे अभ्यासक्रम आपल्याकडे थोडेच आहेत. या क्षेत्रातले बहुतेक लोक आधी दुसरी पदवी घेतात आणि मग एमपीएच, म्हणजे पब्लिक हेल्थची पदव्युत्तर पदवी, करतात. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतही एमपीएच आहे. नर्सिंग, संख्याशास्त्र, समाजकार्य, कुठूनही ही वाट धरता येते. तेव्हा या वर्षीची यादी म्हणजे मुलाच्या लायकीचा निकाल, असं घरात बोलू नका.

मानसीचं नाव यादीत आलं नाही. ती दोन दिवस रडली, मग संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी.ला गेली, पुढे एमपीएच करायचं हे तिचं ठरलेलं आहे. आईचा परवा फोन आला होता, वसतिगृहाच्या फीबद्दल विचारायला.